कौलांखाली काय घालावे?

राजापूर तालुक्यातील आमच्या जांभ्याच्या घराचे छप्पर उतरवून नव्याने बसवायचे ठरले, तेव्हा कौले मंगळुरीच असावीत यावर घरात दुमत नव्हते. वाद झाला तो कौलांखाली काय घालावे यावर. पूर्वी वाशांवर रिपा ठोकायच्या, रिपांवर कौले चढवायची आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलायची, एवढ्यात काम भागत असे. शिवाय चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडताना वासे कोरडे ठेवी आणि किडीलाही दूर ठेवी. आता चूल नाही, कौले परतायला माणूस वेळेवर मिळत नाही, आणि माकडांनी एखादे कौल सरकवले तर पाणी थेट माळ्यावर येते. त्यामुळे कौले आणि खोली यांच्यामध्ये आणखी एक आवरण हवे, हे सर्वांनाच पटले.

पत्रा हा सर्वांत सोपा आणि आज कोकणात सर्रास निवडला जाणारा पर्याय आहे. तो पाणी अडवतो, पण घरातील दमट हवा रात्री थंड झालेल्या पत्र्याला लागली की त्याच्या पोटाला पाण्याचे थेंब धरतात. सिमेंट फायबर बोर्डाला वाळवी लागत नाही. मात्र तो जड असतो आणि काठाशी खिळा मारताना तडकतो.

प्लायवूडचा आग्रह सुताराचा होता, कारण आठ बाय चारचे तक्ते भराभर बसतात. घरातील कपाटांसाठी वापरतात तो साधा एमआर प्लाय, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, छपरावर घालूच नये. आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय मात्र चांगला असतो, कारण त्याचा डिंक ७२ तास उकळूनही सुटणार नाही, अशी त्याची कसोटी आहे. तरीही डिंक टिकला म्हणून लाकूड टिकेलच असे नाही: कापलेल्या काठातून पाणी आत शिरते आणि चार महिन्यांच्या पावसात ते बाहेर पडायला वाव मिळत नाही. आवरण किती पाणी अडवते यापेक्षा, एकदा भिजल्यावर ते किती लवकर सुकते, याला मी अधिक महत्त्व देतो.

म्हणून आम्ही फळ्यांची तक्तपोशी निवडली. सागवान परवडणारे नव्हते, त्यामुळे फणसाच्या चांगल्या सुकवलेल्या, सुमारे २० मिलिमीटर जाडीच्या फळ्या घेतल्या आणि बसवण्यापूर्वी त्यांना सर्व बाजूंनी, विशेषतः टोकांना, काजूच्या टरफलांचे तेल पाजले. दोन फळ्यांमध्ये बारीक फट ठेवली, कारण पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाला जागा मिळाली नाही तर फळ्या उचलल्या जातात. फळ्यांवर वाफ बाहेर जाऊ देणारा पडदा अंथरला. अनेक जण येथे ताडपत्री घालतात. तिच्याखाली ओल कोंडून राहते आणि लाकूड आतून कुजते.

खरी मेख पुढच्या पायरीत आहे. फळ्यांवर थेट आडव्या रिपा ठोकल्या, तर कौलांमधून झिरपलेले पाणी आणि पालापाचोळा प्रत्येक रिपेमागे अडून बसतो, मग फळी कितीही चांगली असली तरी तिचे आयुष्य घटते. त्यासाठी आधी प्रत्येक वाशाच्या रेषेत आढ्यापासून वळचणीपर्यंत उभ्या पट्ट्या ठोकाव्यात आणि त्यांच्यावर आडव्या रिपा माराव्यात. मग पाणी रिपांखालून निर्वेध वाहून जाते, त्याच पोकळीतून वारा खेळतो आणि तापलेल्या कौलांची उष्णताही खोलीपर्यंत कमी पोहोचते. सुताराला हा दुहेरी खर्च वाटला. लाकूड वाढले हे खरे, पण एकूण हिशेबात या पट्ट्यांचा वाटा किरकोळ होता.

३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ निसर्ग चक्रीवादळ धडकले, तेव्हा रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. तक्तपोशीमुळे घरात शिरलेला वारा कौलांना खालून थेट उचलू शकत नाही; तरीही वळचणीच्या आणि कडेच्या ओळींतील कौले आम्ही तारेने रिपांना बांधून घेतली. पोकळीच्या खालच्या आणि वरच्या तोंडाला बारीक जाळी लावली आहे, म्हणजे वारा जाईल, पण उंदीर आणि वटवाघळे आत शिरणार नाहीत.