सतराव्या लेण्यातलं लेकरू

फर्दापूर, रविवार रात्र

पाऊस आत्ता कुठे थांबलाय. आई जेवून लगेच आडवी झाली. गुडघ्यांना तेल लावू म्हटलं तर नको म्हणाली. उद्या सोमवार, लेणी बंद. त्यामुळे आज पाहिलं ते आजच लिहून ठेवते.

मी अजिंठ्याला पाचव्यांदा आले, आई पहिल्यांदा. बहात्तराव्या वर्षी. पायऱ्या चढणं जमणार नव्हतं म्हणून डोली केली. चार माणसांच्या खांद्यावर बसायचं तिला फार अवघड वाटत होतं. त्यांनी जरा टेकलं की ती त्यांना पाणी विचारायची. खाली वाघूर तुडुंब, समोरचा डोंगर हिरवागार, आणि वळणावर ओळीनं लेणी.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर मी तिला नेहमीचं सगळं सांगितलं. पापण्या कशा झुकल्यात, भुवईची रेघ कशी एका दमात ओढलीय, हातातलं कमळ. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "छान आहे गं." आणि पुढे निघाली. मी मनातून खट्टू झाले. शाळेत इतकी वर्षं चित्रकला शिकवतेय, पण मुलांनाही याच चित्रासमोर उभं करते आणि हेच सांगते.

सोळाव्या लेण्यात ती मूर्च्छित राणी. तिला 'मरणोन्मुख राजकन्या' म्हणायची पद्धत पडली, पण ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको सुंदरी आहे. नवरा बुद्धामागे गेला आणि त्याचा मुकुट तेवढा परत आला, तो पाहून ती कोसळते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन इथल्या चित्रांच्या नकला केल्या. या चित्राबद्दल त्यांनी लिहिलं की फ्लॉरेन्सच्या चित्रकारानं रेखाटन याहून सरस केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकारानं रंग, पण याहून अधिक भाव दोघांनाही आणता आला नसता. कॉलेजात हे वाक्य वाचून मी हरखले होते. आज सुंदरीसमोर उभी राहून वाटलं, फ्लॉरेन्स कशाला हवं मध्ये? ज्यानं हे काढलं त्यानं ते शहर ऐकलंही नव्हतं. त्याला एक बाई खचताना दाखवायची होती, ती त्यानं दाखवली. स्तुतीच होती ती, आणि ग्रिफिथ्स यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं इथे घातली. तरी मोजपट्टी त्यांच्या घरची होती, आणि मी ती बिनबोभाट वर्गात वापरत आले.

मग सतरावं लेणं. आतल्या गाभाऱ्याकडे जाताना अंतराळात, म्हणजे गाभाऱ्यापुढच्या छोट्या दालनात, ते चित्र आहे. बुद्ध आपल्या गावी, कपिलवस्तूला परत आलाय. भिक्षापात्र घेऊन तो स्वतःच्याच घराच्या दारात उभा आहे. समोर त्याची बायको यशोधरा आणि मुलगा राहुल. बुद्धाची आकृती प्रचंड, मायलेकरं अगदी लहान. राहुल मान वर करून बघतोय आणि यशोधराही.

मी सुरू झाले. म्हटलं, आई, जुन्या चित्रांत जो महान तो आकारानं मोठा काढतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, पुरुषांची पाच मापं दिलीत, सगळ्यांत मोठं हंस, 108 अंगुळांचं, देव त्या मापात काढायचे. हा सगळा पाठ मला तोंडपाठ आहे.

आई ऐकत नव्हती. दिवा मंद असतो तिथे. तिनं डोळे बारीक केले, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मोठा कुठे काढलाय? पोराला बाप एवढाच दिसतो."

मला पुढे बोलवेना. या चित्राबद्दल मी जे जे वाचलं होतं ते उंचावरून खाली येत होतं, बुद्धाकडून मुलाकडे. आई मुलाच्या पायांशी उभी राहून वर बघत होती. पुन्हा पाहिलं तर बुद्धाची मान खाली वळलेली आहे. एवढा मोठा, पण नजर त्या पोराच्या उंचीला.

चित्रसूत्रातच एक श्लोक आहे, 'रेखां प्रशंसन्त्याचार्या...'. आचार्य रेषेची तारीफ करतात, जाणकार छायाभेदाची, बायकांना दागिने आवडतात आणि बाकीच्यांना भरपूर रंग. यशोधरेच्या अंगावर दागिने आहेत. माझ्या आईनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं विचारलं, "तिचा हात पोराच्या पाठीशी आहे ना? ती त्याला पुढे करतेय की धरून ठेवतेय?" मी निरखून पाहिलं. मला अजून ठरवता येत नाही.

मग बाहेर ओट्यावर बसून तिला पुढची गोष्ट सांगितली. आईनं शिकवल्याप्रमाणे राहुल बापाला म्हणतो, मला माझा वारसा द्या. बापाकडे राज्य नाही, सोनं नाही. तो आपल्या शिष्याला, सारिपुत्ताला सांगतो, याला दीक्षा दे. म्हणजे नातूही गेला. तेव्हा बुद्धाचा बाप शुद्धोदन त्याच्याकडे जातो. आधी तू गेलास, मग नंद, आता हा. तो म्हणतो, पुत्रप्रेम कातडी कापतं, कातडीखालचं मांस कापतं, स्नायू, हाडं आणि हाडांतली मज्जासुद्धा. यापुढे आईबापांच्या परवानगीशिवाय कुणा मुलाला दीक्षा देऊ नका. आणि बुद्ध तसा नियम करतो. विनयपिटकात, भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, हे आहे.

मला सगळ्या बुद्धकथेत ही जागा सर्वांत मोठी वाटते. बोधीवृक्षाखालची रात्र मोठीच. पण जगाचं दुःख ज्यानं ओळखलं त्याला म्हाताऱ्या बापानं येऊन सांगावं लागलं की तू इथे दुःख दिलंस, आणि त्यानं ते ऐकलं. इतिहासात मोठे म्हणवलेले किती जण असं ऐकून घेतात?

आई म्हणाली, "आणि तिला काय मिळालं?" यशोधराही पुढे भिक्खुणी झाली असं परंपरा सांगते, तेवढं मी सांगितलं. आईचं समाधान झालं नाही, माझंही झालेलं नाही.

याच सतराव्या लेण्याच्या बाहेर शिलालेख आहे. लेणं करवणाऱ्या स्थानिक राजाचा धाकटा भाऊ रविसांब वारला, त्या शोकातून त्याला सगळं अनित्य वाटू लागलं आणि तो दानाकडे वळला, असं त्यात आहे. हे मला पूर्वीपासून माहीत होतं, पण चित्राशी कधी जोडलं नव्हतं. ज्याच्या घरातून माणूस गेला त्याच्या लेण्यात, घर सोडून गेलेला माणूस दारात परत आलेला रंगवलाय. चित्रकाराला हे कुणी सांगितलं होतं का, की त्यानं ओळखलं?

सव्विसाव्यात बुद्धभद्र भिक्षूनं कोरून घेतलंय की जगात आठवण ताजी असेतो माणूस स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं स्मारक डोंगरात उभारावं. सोळाव्यात वाकाटक घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव, त्याचंही नाव आहे. हरिषेणानंतर थोड्याच वर्षांत ते राज्य विस्कटलं. भाताचा कोंडा घालून मळलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, गेरू, काजळी, दूरच्या अफगाणी बदख्शानातून आलेल्या राजावर्त या निळ्या दगडाची निळाई. ज्यांनी ते सगळं केलं त्यांचं नाव कुठेच नाही. एकाचं तरी कळावं असं मला फार वाटतं. ज्यानं पोराची वर झालेली मान काढली, त्याचं.

परतताना डोलीवाल्यांपैकी एकानं आईला विचारलं, काय आवडलं आजी? "ते लेकरू," ती म्हणाली. तो म्हणाला, सतरा नंबर.

आत्ता लिहिता लिहिता यशोधरेचा हात आठवून काढायचा प्रयत्न केला, वहीच्या मागच्या पानावर. तीनदा खोडला. बोटं एकदा ढकलणारी होतात, एकदा धरणारी. आई मघाशी झोपेतच कूस बदलून म्हणाली, "उद्या राहू. मंगळवारी परत जाऊ."

डोलीवाल्याचा नंबर घेतलाय.