सीलिफ्टचा किराणा आणि २५० ग्रॅम कापूर

कापूर जळतो हे मला कुणी सांगायची गरज नाही. जळतो म्हणून तर आणतो. पण पाव किलो कापरापायी ६०० किलो किराणा गोदामात अडकतो, हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. ते काम आता मी करते.

गाव पँगनर्टंग, बोलताना नुसतं पँग. कॅनडाच्या नुनावुतमधलं, बॅफिन बेटावरचं इनुइट लोकांचं गाव. नुनावुतमधल्या २५ गावांपैकी एकालाही बाहेरून रस्ता नाही. वर्षभर विमान, आणि बर्फ फुटल्यावर ऑक्टोबरपर्यंत जहाजाच्या मोजक्या फेऱ्या. या जहाजी मालालाच सगळे सीलिफ्ट म्हणतात. भाजी, दूध, अंडी गावातल्या दुकानातून घ्यावीत, त्यावर सरकारी अनुदान असतं. मासेही मागवू नयेत, ‘आर्क्टिक चार’ आणि टर्बट हे मासे इथेच मिळतात, गावात माशांचा कारखाना आहे. तांदूळ, तूरडाळ, कणीक, तेल, टॉयलेट पेपर मात्र सीलिफ्टने.

मॉन्ट्रियलच्या भारतीय दुकानात ऑर्डर, तिथून माल व्हॅलीफील्ड बंदराजवळच्या पॅकिंगवाल्याकडे, त्याने क्रेट, म्हणजे मोठी लाकडी पेटी, ठोकून जहाजाला द्यायचं. क्रेट ठोकण्यापर्यंतचं सगळं आठवड्याभरात उरकलं.

मग पॅकिंग लिस्ट. मी लिहिलं होतं, ‘पूजा साहित्य, १ खोका’. पहिली चूक. ‘घरगुती सामान’, ‘किरकोळ’, ‘पूजा साहित्य’ असलं काही चालत नाही, आत काय आहे ते एकेक लिहावं लागतं. विचारणा आल्यावर मी प्रामाणिकपणे लिहिलं: अगरबत्ती, वाती, काडेपेट्या, कापूर. अगरबत्ती आणि वाती सुटल्या. कापूर म्हणजे घातक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत यूएन २७१७, वर्ग ४.१, ज्वलनशील घन पदार्थ. काडेपेट्या यूएन १९४४, वर्ग तोच. झालं, अख्खं क्रेट घातक मालात!

आता वेगळं घोषणापत्र. त्यात मालाचं अधिकृत नाव, यूएन क्रमांक, वर्ग, पॅकिंग ग्रुप (म्हणजे धोक्याची पातळी), वजन, सही आणि २४ तास उचलला जाणारा आपत्कालीन फोन नंबर. माझा मोबाइल नंबर दिला तर म्हणे हा चालणार नाही, त्या पदार्थाची माहिती असलेला माणूस फोनवर हवा. मग सेफ्टी डेटा शीट, म्हणजे पदार्थाचे धोके सांगणारं पत्रक, मागितलं. दुकानदाराला विचारलं, तो हसला. डबीवर ‘शुद्ध कापूर’ आणि गणपतीचं चित्र, एवढीच काय ती माहिती. थोड्या मालाला नियमांत सवलत असते, पण ती आपल्याला लागू आहे हे दाखवायलाही कागदच लागतो. एका मेलला एक दिवस, त्यात शनिवार-रविवार, त्यात २४ जूनची क्युबेकची सुट्टी, लगेच १ जुलैची कॅनडा डेची. माल स्वीकारण्याची शेवटची तारीख या दोन सुट्ट्यांच्या मधे येऊन गेली.

खरं तर उपाय पाच मिनिटांचा होता: तो खोका बाहेर काढा, बाकीचं जाऊ द्या. पण तोवर क्रेट ठोकून झालं होतं. उघडण्याचे आणि पुन्हा ठोकण्याचे पैसे वेगळे. हे मी पहिल्याच मेलमध्ये मान्य केलं असतं तर पहिलं जहाज मिळालं असतं. मी मात्र दहा दिवस वाद घालत बसले, आणि किराणा पुढच्या फेरीला गेला. नियम चुकीचा आहे असं नाही. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते. राग त्या पॅकिंगवाल्याच्या गोदामाचा आहे, कारण घातक मालाची यादी पैसे घेताना नाही, क्रेट ठोकल्यावर पाठवली.

याच सापळ्यात येणाऱ्या इतर वस्तू: डिओ आणि कुठलाही फवारा, ब्लीच, नेलपॉलिश रिमूव्हर, लायटर, पॉवर बँक, ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या. हव्याच असतील तर वेगळ्या खोक्यात, वेगळ्या यादीत, आणि पहिल्या दिवशी सांगून.

भाड्याचं राहिलं. ते रेव्हेन्यू टनावर असतं: १००० किलो किंवा २.५ घनमीटर, जे जास्त भरेल ते. ४×४×४ फुटांचं क्रेट म्हणजे सुमारे १.८१ घनमीटर, ०.७२ टनाच्या आसपास. मोजमाप बाहेरून घेतात, लाकूड धरून. माझ्या क्रेटचं वजन ६०० किलो, म्हणजे आणखी १०० किलो डाळ त्याच भाड्यात आली असती. उलट कुरमुरे मागवणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. पोहे ठीक.

शेवटच्या फेरीत पाणीदार काही घालू नका. सरबतं, नारळाच्या दुधाचे डबे, काचेच्या बाटल्या गोठून फुटतात, कंटेनर गरम नसतो.

जहाज खाडीत नांगरतं, माल बार्जवरून किनाऱ्यावर येतो आणि तोही भरतीलाच. ओहोटीला इथे पाणी कोकणापेक्षा कितीतरी मागे जातं, त्यामुळे रात्री दोनलाही उतरवणं चालतं. क्रेटच्या चारही बाजूंना नाव, गाव आणि घर क्रमांक जाड मार्करने लिहून घ्या, माझ्या क्रेटवर एकाच बाजूला होतं आणि तीच बाजू दुसऱ्या क्रेटला टेकलेली. किनाऱ्यावरून घरापर्यंत लोडरवाल्याशी आधी बोलून ठेवा. सही करण्यापूर्वी फोटो काढा, फुटतूट पावतीवरच लिहा. क्रेट दारातून आत जात नाही, बाहेरच उघडावं लागतं, तेव्हा पहार हाताशी असू द्या. मी ती नवी मागवली होती, क्रेटच्या आत. प्लायवूड फेकू नका, शेजारी केबिनसाठी किंवा कामुतिकवरच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवरच्या पेटीसाठी आनंदाने नेतात. माझं क्रेट ज्याने उघडून दिलं त्यालाच दिलं.

आरतीला आता तुपाचं निरांजन. काडेपेटी गावातल्या दुकानात मिळते, मागवूच नका.