‘लिंग’ या रकान्यात काय लिहायचे : माझा अनुभव

२०२२ च्या जून महिन्यात मी केंद्र सरकारच्या पोर्टलवर तृतीयपंथी व्यक्ती म्हणून ओळख प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो आणि तासगावजवळ बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाचे काम करत होतो. माझ्या जन्मदाखल्यावर, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि आधार कार्डावर ‘स्त्री’ असे छापलेले होते. मी पुरुष आहे हे मला दहाव्या-अकराव्या वर्षापासून ठाऊक होते, आणि कामाच्या ठिकाणी लोक मला पाच-सहा वर्षांपासून नव्या नावानेच हाक मारत होते. कागद मात्र जुनेच होते, आणि ज्या ज्या ठिकाणी ते दाखवावे लागत त्या त्या ठिकाणी मी खोटा माणूस आहे असा संशय घेतला जाई. अर्ज करण्याचे कारण एवढेच होते.

या अर्जामागचा कायदा मी आधी नीट वाचून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःचा लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदेशीर ठरवले. त्यानंतर २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी त्याचे नियमही निघाले. मी अर्ज केला त्या वेळच्या नियमांनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अर्जदाराच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबून, कोणतीही वैद्यकीय तपासणी न करता, तीस दिवसांत प्रमाणपत्र आणि ओळखपत्र द्यायचे होते. तपासणी नाही हे वाक्य मी तीन वेळा वाचले, कारण मला भीती त्याचीच होती.

ऑनलाइन अर्जापेक्षा प्रतिज्ञापत्राने माझा अधिक वेळ घेतला. नमुना पोर्टलवर होता, पण मला ते मराठीत हवे होते, म्हणून मी सांगलीत एका टंकलेखकाकडे बसलो. त्यांनी सवयीने सुरुवात केली : ‘मी खाली सही करणारी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की’. मी त्यांना थांबवून ‘करणार’ आणि ‘देतो’ असे करायला सांगितले. त्यांनी आधार कार्ड पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले की कार्डावर स्त्री असताना ‘देतो’ लिहिले तर नोटरी हरकत घेतील. इंग्रजी नमुन्यात हा प्रश्न उद्‌भवत नाही. मराठीत मात्र माणूस स्वतःबद्दल वर्तमानकाळातले साधे वाक्यही बहुधा आपण कोण हे सांगितल्याशिवाय लिहू शकत नाही, आणि ज्या प्रतिज्ञापत्राने मी ते सांगणार होतो त्याचेच पहिले क्रियापद मला खोटे पाडत होते. शेवटी मी त्यांना ‘माझ्याकडून सत्य प्रतिज्ञेवर लिहून देण्यात येते की’ अशी रचना सुचवली आणि त्यांनी ती मान्य केली. संबंध प्रतिज्ञापत्र आम्ही दोघांनी असे कर्त्याला बाजूला ठेवून पूर्ण केले. त्या गृहस्थांनी पुढे एकही अनावश्यक प्रश्न विचारला नाही याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

अर्ज एकदा परत आला, कारण माझ्या आडनावाचे स्पेलिंग प्रतिज्ञापत्रात एक आणि आधारवर दुसरे होते. ही चूक माझी होती. जे कोणी अर्ज करतील त्यांनी आधारवरचे नाव अक्षरशः तसेच उतरवावे, मग ते चुकीचे छापलेले असले तरी. दुरुस्त अर्ज पुन्हा भरला आणि सप्टेंबरमध्ये प्रमाणपत्र हाती आले.

त्या प्रमाणपत्रावर मी ‘ट्रान्सजेंडर’ आहे असे लिहिले होते, ‘पुरुष’ आहे असे नव्हते. कायद्याच्या तेव्हाच्या सातव्या कलमानुसार ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असे सुधारित प्रमाणपत्र हवे असेल तर शस्त्रक्रिया झाल्याचा रुग्णालयाचा दाखला जोडावा लागत होता, आणि मी शस्त्रक्रिया केलेली नव्हती. न्यायालयाने जी अट अयोग्य म्हटली होती ती कायद्याच्या पुढच्या पायरीवर पुन्हा उभी होती. घरी आल्यावर आईने प्रमाणपत्र हातात घेऊन विचारले, “यात तुला जे पाहिजे होतं ते आहे का?” मी तिला अर्धे आहे असे सांगितले. अर्ध्या सत्याचा कागद पूर्ण असत्याच्या कागदापेक्षा चांगला, असे तेव्हा मला वाटले आणि आजही वाटते, पण ते अर्धेच आहे हे लपवण्यात अर्थ नाही.

मराठी अर्जांवर ‘ट्रान्सजेंडर’ या पर्यायासाठी बहुधा ‘तृतीयपंथी’ किंवा ‘इतर’ असे छापलेले असते. आमच्या भागात, जत आणि सौंदत्तीच्या यल्लम्मामुळे, तृतीयपंथी म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर देवीला वाहिलेले जोगते उभे राहतात. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे, पण मी तिच्यातला नाही. दाढी राखलेला, शर्ट-पँट घातलेला माणूस त्या शब्दापुढे खूण करतो तेव्हा खिडकीतल्या माणसाला वाटते की हातून चूक झाली. ‘पारलिंगी’ (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असलेला) हा शब्द मला जवळचा वाटतो, परंतु मी भरलेल्या एकाही अर्जावर तो मला दिसला नाही. शिवाय मूळ रकान्याचे ‘लिंग’ हे नावही अडचणीचेच आहे. शरीराचा अवयव, व्याकरणातला प्रकार आणि माणसाची ओळख या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो, आणि प्रश्न नक्की कशाबद्दल आहे हे वाचणाऱ्याने ठरवायचे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर मी आधारमधली नोंद बदलायला एका केंद्रात गेलो. आधारच्या अर्जात तिसरा पर्याय आहे आणि या कायद्याखालचे प्रमाणपत्र पुरावा म्हणून चालते, त्यामुळे कागदोपत्री काहीच अडचण नव्हती. अडचण खोलीच्या रचनेत होती. नोंदणी करताना अर्जदाराला आपली माहिती तपासता यावी म्हणून त्याच्याकडे तोंड करून दुसरा मॉनिटर ठेवलेला असतो. ही चांगली सोय आहे, पण त्या केंद्रात रांग माझ्या पाठीशी चिकटून उभी होती आणि माझ्यासाठी ठेवलेला पडदा मागचे आठ-दहा जण वाचत होते. ऑपरेटरने प्रमाणपत्र वर धरले आणि मोठ्याने विचारले, “म्हणजे नक्की काय?” मी कागदावर आहे तेच लिहा म्हणालो. त्यावर त्याने विचारले, “मग लग्न कुणाशी करणार? बाईशी का पुरुषाशी?” रांगेत कोणीतरी हसले. मी उत्तर दिले नाही. बोटांचे ठसे देताना माझे हात इतके घामेजले होते की ते तीन वेळा घ्यावे लागले.

त्या प्रश्नाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मी कोण आहे हा माझा लिंगभाव झाला, आणि माझे मन कोणाकडे ओढ घेते हा माझा लैंगिक कल झाला. एकावरून दुसरे ओळखता येत नाही. पारलिंगी पुरुषाला स्त्री आवडू शकते, पुरुष आवडू शकतो, कोणीच आवडणार नाही असेही असू शकते. मी जितके सरकारी अर्ज भरले त्यांतल्या एकाही अर्जात लैंगिक कलाचा रकाना नव्हता. तो रकाना नसताना तो प्रश्न मला खिडकीवर विचारला गेला, आणि कागदावरच्या प्रश्नाला जी मर्यादा असते ती त्याला नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभ्यातला भाग मानला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. हे त्या ऑपरेटरला कोणी सांगितले नसावे.

ही माहिती सरकारने कधीच विचारू नये असे मात्र मी म्हणणार नाही. मोजलेच नाही तर आरोग्याच्या, निवाऱ्याच्या, नोकरीच्या योजना कोणासाठी आणि किती आखायच्या? २०११ च्या जनगणनेत प्रथमच ‘इतर’ असा पर्याय होता. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद त्यात झाली. आमच्या घरी प्रगणक आले तेव्हा वडिलांनी उंबऱ्यात उभे राहून सगळ्यांची माहिती सांगितली आणि मी आत स्वयंपाकघरात होतो. मी ‘स्त्री’मध्ये मोजला गेलो. अशी किती घरे असतील या विचाराने तो आकडा मला नेहमी अपुरा वाटतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत लिंगभाव आणि लैंगिक कल हे दोन्ही प्रश्न प्रथमच विचारले गेले. ते सोळा वर्षांवरील व्यक्तींसाठी आणि ऐच्छिक होते, आणि घरच्यांना न कळता स्वतःचा वेगळा अर्ज भरून देण्याची मुभा होती. मला ती मुभा सर्वांत मोलाची वाटते. तिथेही एक दोष निघाला : लिंगभावाचा प्रश्न काहींना, विशेषतः इंग्रजी कच्चे असलेल्यांना, नीट कळला नसावा असे दिसून आले आणि २०२४ मध्ये त्या आकडेवारीचा दर्जा ‘विकसित होत असलेली’ असा बदलावा लागला. आपल्याकडे १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून जनगणना होणार असून तीत स्वतः माहिती भरण्याची सोय असल्याचे सरकारने जाहीर केले आहे. पण घरातली माहिती घरातल्याच कोणाच्या तरी मोबाइलवरून भरली जाणार असेल, तर स्वयंपाकघरातल्या मुलाची अडचण तशीच राहील. नावानिशी आणि आधार क्रमांकासह भरल्या जाणाऱ्या अर्जात लैंगिक कल विचारण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. निनावी आरोग्य सर्वेक्षणात, ‘सांगायचे नाही’ या पर्यायासह, तो जरूर विचारावा.

ज्या अर्जात तिसरा पर्याय नसतो तिथली कोंडी वेगळी. ऑनलाइन अर्ज दोनांपैकी एक निवडल्याशिवाय पुढे सरकत नाही. पोलीस शिपाई भरतीच्या अर्जाबाबत हेच झाले होते, आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात असताना राज्य सरकारने तिसरा पर्याय देण्याचे मान्य केले. मला स्वतःला सर्वांत जास्त अडवले ते ‘श्री./श्रीमती/कुमारी’ या सक्तीच्या रकान्याने, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. लिंगापुढे तिसरा पर्याय वाढवणारे लोक नावापुढची ही यादी तशीच ठेवतात.

सगळ्यांत शेवटी मतदार यादी उरली. दुरुस्तीचा आठ क्रमांकाचा अर्ज मी गावातच भरायचे ठरवले. आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे काम पाहणाऱ्या कर्मचारी, अंगणवाडी सेविका आहेत आणि त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेले आहे, त्यामुळे परक्या ऑपरेटरपेक्षा त्यांचीच मला जास्त धास्ती होती. त्या सकाळी दारात आल्या तेव्हा शेजारच्या दोघी बायका ओट्यावर बसल्या होत्या. ताईंनी पिशवीतून अर्ज काढला, त्या बायकांकडे एकदा पाहिले आणि अर्ज घडी घालून पेनासह माझ्या हातात दिला. “आत बसून तूच भर. माझ्या हातनं काहीतरी चुकंल,” म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी ‘आलास’ म्हटले नव्हते आणि त्या दिवशी ‘आलीस’ही म्हटले नाही.

मी आत जाऊन खूण केली, प्रमाणपत्राची प्रत जोडली आणि अर्ज परत आणून दिला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, सही पाहिली. मोबाइल क्रमांकातला एक अंक त्यांना लागत नव्हता, तेवढाच त्यांनी पुन्हा विचारला.