कापलेलं सिम आणि पुसलेलं सिम

आमची गोव्याची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर आली होती आणि जुना फोन भाच्याला द्यायचा होता. त्याला फर्मागुडीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालेला, आणि त्याचा स्वतःचा फोन पावसात भिजून मेलेला. माझ्या फोनात दोन नंबर. एक जुना, प्लास्टिकच्या सिमवरचा. नातेवाईक, शाळेतले पालक सगळे त्यावर. दुसरा ईसिमवरचा, म्हणजे कार्ड नसलेल्या, फोनच्या आतच असणाऱ्या सिमवरचा, फक्त बँकेसाठी. दोन्ही काढायचे नि नव्या फोनात घालायचे, दहा मिनिटांचं काम, असं मी धरून चालले होते.

फोन बंद केला. सिमचा ट्रे काढायची पिन फोनच्या डब्यात असते, आणि डबा कुठे ठेवला ते मला कधीच आठवत नाही. म्हणून मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि खालच्या भोकाला लावली. भाचा ओरडला, "मावशी, तो माईक आहे गं!" चार्जिंगशेजारचं ते भोक माईकचं, ट्रेचं भोक ट्रेच्या पट्टीतच असतं. माईकमध्ये पिन घातली असती तर माझ्याच हाताने मुका केलेला फोन पोराला दिला असता. त्याने उत्तरपत्रिकांची पेपरक्लिप सरळ करून दिली. सरळ, नेट लावून दाबलं. ट्रे केसभर बाहेर आला आणि थांबला. नखाने ओढला तरी हलेना.

मग आठवलं. माझं हे सिम मुळात मायक्रो, म्हणजे नॅनोपेक्षा एक माप मोठं. फोन बदलला तेव्हा दुकानदाराने कटरने कापून त्याचं नॅनो करून दिलं होतं. नॅनो सिम 12.3 बाय 8.8 मिलिमीटर, कटरने लांबीरुंदी बरोबर जमते, जाडी कशी कमी होणार? नॅनोची जाडी 0.67 मिलिमीटर, मायक्रोची 0.76. एवढ्याशा फरकाने ते आत रुतून बसलेलं.

जोर लावला तर आतल्या पिना वाकतात, म्हणून मुकाट्याने फोंड्याच्या बाजारातल्या रिपेअरिंगवाल्याकडे गेले. त्याने फोन पालथा धरला, प्लास्टिकची पातळ पट्टी फटीतून आत सरकवली, सिम खाली दाबून धरलं आणि ट्रे हळूच ओढला. निघाला. सिमच्या एका कोपऱ्याला कापताना राहिलेला कंगोरा होता, बोटाला टोचणारा. "टीचर, हे पुन्हा कशात घालू नका, बदलून घ्या," म्हणाला. पैसेही घेतले नाहीत.

राहिलं ईसिम. त्याला ना ट्रे ना पिन. सेटिंगमध्ये गेले, त्या नंबरवर बोट ठेवलं, 'डिलीट' दाबलं. फोनने विचारलं, नक्की का? आपण अशा प्रश्नांना नेहमी जे करतो तेच मी केलं. दोन सेकंदांत गेलं.

ईसिम घेताना आलेला क्यूआर कोड ईमेलमध्ये होता. तोच नव्या फोनवर स्कॅन करायचा, असा माझा हिशेब. स्कॅन केला तर उत्तर आलं, हा कोड वापरून झालेला आहे. म्हणजे नवा मागवायचा. त्यासाठी मेसेज पाठवायचा, आणि तो त्याच नंबरवरून, जो मी आत्ताच पुसला! कंपनीचं ॲप उघडलं, तर ओटीपी त्याच नंबरवर. कस्टमर केअरला दुसऱ्या फोनवरून लावलं, तर बाई गोड आवाजात म्हणाल्या, आपल्या नोंदणीकृत नंबरवरून फोन करा.

दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन दुकानात. काउंटरवरच्या मुलाने नव्या फोनचा ईआयडी, म्हणजे त्यातल्या ईसिमचा ओळख क्रमांक, मागितला. *#06# दाबलं की फोनच्या आयएमईआय क्रमांकाबरोबर तोही दिसतो, पण आकडे 32. मी वाचतेय, तो टाइप करतोय, आणि विसाव्या आकड्याशी दोघेही हरवलो. तीनदा. शेवटी फोनच त्याच्या हातात दिला.

दुपारी नंबर चालू झाला, पण मेसेज येईनात. सिम बदललं की पुढचे 24 तास एसएमएस बंद राहतात. कोणी भामट्याने आपल्या नावाने सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत म्हणून. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण नव्या फोनवर यूपीआय चालू करायला त्याच नंबरवरून एसएमएस जावा लागतो. त्यामुळे त्या संध्याकाळी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजारात सुपारीचे घोस घेताना मी पर्समधली चिल्लर मोजत उभी होते.

उलट्या क्रमाने केलं असतं तर यातलं बरंचसं टळलं असतं. जुन्या फोनवर नंबर चालू असतानाच त्यावरून नवा कोड मागवायचा, नव्या फोनवर स्कॅन करायचा, तिथे नंबर लागला की मगच जुन्यातलं ईसिम पुसायचं. आणि पुसलं म्हणजे नंबर बंद झाला असंही नाही. मधल्या दिवसांचं बिल माझ्या नावावर चालूच होतं. भाचा म्हणत होता, फॅक्टरी रिसेट मारला की सगळं जातं. त्याच्यासमोरच मारला, तर फोनने ईसिम ठेवायचं की पुसायचं हे वेगळं विचारलं. तो गप्प.

कापलेलं सिम सध्या मोठ्या मापाच्या चौकटीत, अडॅप्टरमध्ये घालून आईच्या बटणांच्या फोनात ठेवलंय. ते बदलायला चवथ झाल्यावर जाणार आहे. दोन्ही नंबर एकदम मुके करून घ्यायची माझी तयारी नाही.