नोंद १४ : प्रकरण ३१ पाडलं

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की साठच्या दशकातल्या मुंबईत घडणाऱ्या माझ्या पोलीस तपासाच्या कादंबरीचा खर्डा ३ दिवाळीपर्यंत हातावेगळा होईल. होणार नाही. प्रकरण ३१ मी पूर्ण पाडलं, बावीसच्या बावीस पानं. त्याच्या आधाराने उभी असलेली ३२ आणि ३३ पण निम्मी कोसळली. दोन दिवस वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे जे सुचलं ते विसरायच्या आत इथे मांडते आहे.

३१ म्हणजे कोठडीतली रात्र. तुमच्यापैकी तिघांनी ते वाचलंय. आठ महिने 'त्या'च्या, म्हणजे खुन्याच्या, मागावर असलेला पोलीस अधिकारी केशव शेवटी त्याच्यासमोर बसतो आणि एकही प्रश्न विचारत नाही. तो ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाबद्दल बोलायला लागतो. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं, कोयनानगरजवळचं गाव, त्याच्या घरची सुमती आणि चार वर्षांची बेबी. मुंबईत आपल्यालाही हादरा जाणवला, आपण कूस बदलून पुन्हा झोपलो, हे तो पहिल्यांदा कुणाला तरी सांगतो. ते ऐकून 'तो' बोलायला लागतो. उजाडेपर्यंत अकराही खून कबूल, खाली अंगठा. सगळी कादंबरी मी या रात्रीसाठी लिहीत होते.

आमच्या इमारतीत एक निवृत्त फौजदार काका राहतात. पोलिसी तपशिलासाठी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसला, चहा संपवला आणि म्हणाले, "ताई, लिहिलंय छान. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण तुमचा आरोपी सुटला."

"सुटला कसा काका? सगळं कबूल केलंय की त्याने."

"कुणापुढे? केशवरावांपुढेच ना? मग घ्या."

भारतीय पुरावा कायदा, १८७२, कलम २५. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. मारहाण झाली असो वा नसो, सही असो वा अंगठा. हे मला ढोबळमानाने माहीत होतं, आणि तरी मी बावीस पानं त्यावर उभी केली, कारण तो प्रसंग मला हवा होता. ज्यांच्या गोष्टी आजच्या काळात घडतात त्यांनी लक्षात ठेवा : १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू आहे आणि जुनी २५, २६, २७ ही तिन्ही कलमं त्यात कलम २३ खाली एकत्र आली आहेत. क्रमांक बदलले तरी केशवची अडचण तीच राहिली असती.

मग डागडुजी सुरू केली. पहिला उपाय सरळ होता : कबुली मॅजिस्ट्रेटपुढे, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४. पण तिथे मॅजिस्ट्रेट आरोपीला आधी बजावतो की तू कबुली द्यायला बांधलेला नाहीस आणि दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. विचार करायला वेळ देतो. तपासातले पोलीस खोलीत नसतात. म्हणजे केशव दाराबाहेर! दोन रात्री तेही लिहून पाहिलं. केशव व्हरांड्यात उभा, आतून फक्त पंख्याचा आवाज. चार पानं बरी उतरली. पण ज्या माणसाच्या दुःखावर गोष्ट चालली आहे तोच ऐन वेळी बाकावर बसून राहतो, हे मला पटेना.

दुसरा उपाय, कोठडीत चहा घेऊन येणारा पोरगा. 'तो' केशवला नाही, पोराला सांगतो. काकांनी ऐकून मान हलवली. कलम २६. पोलिसांच्या ताब्यात असताना मॅजिस्ट्रेट हजर नसेल, तर कुणालाही दिलेली कबुली चालत नाही, चहावाल्याला दिलेलीसुद्धा.

तिसरा उपाय म्हणजे 'त्या'ला रंगेहाथ पकडायचं. हा मी लिहूनही पाहिला नाही. ज्या प्रकरणाच्या सावलीत आपली ही गोष्ट उभी आहे ते आठवा. मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या माणसांचे खून करणाऱ्या रामन राघवला २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी ओळखलं ते रस्त्यात, वर्णनावरून आणि फोटोवरून. त्याच्याजवळ काय मिळालं? चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड, आकडेमोड केलेले दोन कागद. ही यादी मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आहे. पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या हाताखाली चाललेला तो तपास वाचताना मला पाठलाग कमी आणि अशा याद्या जास्त दिसल्या. लसूण आणि चहाची पूड! माझ्या मनाने हे कधीच रचलं नसतं.

याच यादीकडे बघत बसले होते, तेव्हा काकांचं एक वाक्य आठवलं. जाताना जिन्यात ते म्हणाले होते, "अहो, सत्तावीस विसरू नका. सत्तावीसवरच आमची नोकरी चालायची."

कलम २७. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला तेवढाच भाग पुराव्यात येतो. तेवढाच. या 'तेवढाच'ची मोजपट्टी १९४६ च्या पुलुकुरी कोट्टय्या निकालात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, घालून दिली. 'छपरात लपवलेला सुरा काढून देतो' हे चालतं. त्याच वाक्याला जोडून 'ज्याने मी अमक्याला भोसकलं' म्हटलं, तर ते शब्द गळतात. म्हणजे एकच वाक्य, एका माणसाच्या तोंडून एका दमात आलेलं, आणि कायदा त्याचे दोन तुकडे करतो. अर्धं कोर्टात जातं. उरलेलं अर्धं फक्त ऐकणाऱ्यांकडे राहतं.

हे वाचलं आणि मी उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. प्रकरण ३१ हेच होतं!

'तो' बोलणार. केशवपुढेच, दोन पंचांसमक्ष. काय लपवलंय आणि कुठे, हे सांगणार, आणि त्याच वाक्याच्या शेपटाला त्या झोपडीतल्या पोरीला का मारलं तेही. केशवला इतक्या वर्षांच्या नोकरीमुळे ऐकतानाच कळतं की यातलं कुठलं अर्धं टिकणार. पोरीबद्दलचं न्यायाधीश कधीच ऐकणार नाही. ते केशव ऐकणार आणि आयुष्यभर वागवणार. आधीच्या खर्ड्यात केशवचं दुःख कबुली काढायच्या कामी येत होतं. आता तपासच त्याच्या दुःखात भर घालतो. मला हे जास्त खरं वाटतं. आपल्या गोष्टींत दुःखी पोलीस म्हटला की बाटली येते, भिंतीवर हार घातलेला फोटो येतो आणि तपास वेगळ्या वाटेने चालू राहतो. मीही पहिल्या खर्ड्यात केशवला दारू पाजली होती. ती खर्डा २ मध्ये काढली, चार एकवीसला बंद पडलेलं घड्याळही काढलं. पण त्या जागी काय घालायचं ते इतके दिवस सापडत नव्हतं.

आता लपवलेली वस्तू. आधी लोखंडी कांब होती. ती खऱ्या प्रकरणाच्या फार जवळ जाते, आणि त्या माणसाचं हत्यार मला माझ्या गोष्टीत नको आहे. नवीन ठरलं ते हे : 'तो' प्रत्येक झोपडीतून जाताना चिमणी घेऊन जातो. रॉकेलची, औषधाच्या बाटलीला पत्र्याचं झाकण आणि वात लावून केलेली. त्या रात्रीच्या अंधाराचं कारणही त्यातच मिळतं. अकरा चिमण्या, मुलुंडच्या बाजूला तानसाच्या पाइपाखाली, गोणपाटात गुंडाळलेल्या. पावसात 'तो' पुढे, मागे केशव, पंच आणि बॅटरी धरलेला जमादार.

काकांचा पुढचा प्रश्न मात्र रास्त होता. "चिमण्या सापडल्या, बरं. पण कुणाच्या हे कसं सिद्ध करणार? प्रत्येक झोपडीत तसलीच चिमणी." इथे प्रकरण ६ मधला पत्र्याचं काम करणारा म्हातारा उपयोगी पडतोय. त्याला मी तिथे फक्त वस्तीचा आवाज म्हणून बसवला होता. आता तो साक्षीदार. गळक्या झाकणांना डाख (झाळ) त्यानेच दिला आहे, आणि आपल्या हातचा डाख माणूस ओळखतो. त्याने एकेक चिमणी उचलायची, अंगठा फिरवायचा आणि घर सांगायचं. ही म्हशीवाल्याची. ही नवीन लग्न झालेल्यांची. अकरापैकी सातच ओळखतो, सगळ्या ओळखायला नकोत. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये उपनगरांच्या झोपड्यांत आणि उघड्यावर झोपलेली जी माणसं मेली त्यांची नावं आज कुणाच्या तोंडी नाहीत, मारणाऱ्याचं सगळ्यांना पाठ. हे मला पहिल्या दिवसापासून सलतंय. डाखवाल्याच्या प्रसंगात निदान माझ्या गोष्टीतल्या घरांना तरी एकेक ओळ मिळेल.

पंचनाम्याची भाषा जमली, याचा आनंद सगळ्यात मोठा. काकांनी ठेका शिकवला : वस्तू आधी, मग कशाची, मग किती, मग खूण. विशेषण नाही.

'चिमणी, काचेची, एक. झाकण पत्र्याचे, डाख दिलेले. वात निम्मी जळालेली. आत रॉकेल अंदाजे दोन चमचे.'

हे अकरा वेळा लिहिल्यावर केशव रात्री खोलीवर येतो आणि त्याच ठेक्यात स्वतःच्या वहीत लिहायला लागतो. त्याच्या गावात त्या सकाळी इतकी घरं पडली होती की त्याच्या घराचा कागद कुणी केलाच नाही. आता तो करतो.

'घर, दगडमातीचे, दोन खणी, पूर्ण पडलेले. दाराची चौकट उभी. घागर, तांब्याची, एक, चेपलेली. परकर, लहान, निळा, एक. पंच : कोणी नाही.'

घागर आमच्या आजीची आहे. आजी पाटणकडची. भूकंपानंतर कितीतरी रात्री माणसं उघड्यावर झोपली हे ती सांगायची, आणि ढिगाऱ्यातून काढलेली ती चेपकी घागर तिने शेवटपर्यंत ठोकून घेतली नाही. लहानपणी मला त्याचं कारण कळायचं नाही.

थांबा. हे टाइप करतानाच एक गोष्ट लक्षात येतेय. वहीतला पंचनामा ३१ मध्ये येणार असेल, तर प्रकरण १ कशाला हवं? ती अठरा पानं म्हणजे सगळा भूकंप : पहाटेचा हादरा, ढिगारे, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेल्याची बातमी. वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असेल, तर 'परकर, लहान, निळा, एक' वाचून त्याला काही होणार नाही. केशवचं कुणीतरी गेलंय एवढंच आधी कळावं. तो डिसेंबरचा विषय टाळतो, कराडचं नाव निघालं की उठून जातो, बस. प्रकरण १ काढते. ट्रंक कॉलचा तुकडा मात्र ठेवणार : केशव ठाण्यातून कराडला कॉल बुक करतो, तासातासाने विचारतो, लाइन लागत नाही. तो १४ मध्ये आठवण म्हणून बसेल, गावाचं नाव न घेता. खर्डा ३ मध्ये मला स्वतःला सगळ्यात आवडणारी पानं तीच आहेत.

बाकीचं भराभर. प्रकरण ९ मध्ये दादरला ट्राम होती! मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. तिथे आता बस आहे आणि केशव ट्रामच्या रुळांवरून एकदा घसरता घसरता वाचल्याचं आठवतो. 'मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट' सगळीकडे बदलून 'प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट' केलं, कारण ते नवं नाव आणणारी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली. शिपाई निळ्या गणवेशात आणि पिवळ्या टोपीत आहेत ना, हे पुन्हा तपासलं. आहेत.

साहित्याबद्दल : टपालाने मागवलेल्या जुन्या मुंबई मार्गदर्शकातून नकाशाचं पानच फाडलेलं निघालं. विकणाऱ्याने फोटोत मुखपृष्ठ तेवढं दाखवलं होतं. यापुढे असं पुस्तक हातात घेऊन चाळल्याशिवाय घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. बोलून टाइप करणं संवादांना छान, पंचनाम्याला अजिबात नाही. यंत्र स्वतःच्या मनाने वाक्यं गोड करतं, 'एक' गाळतं. पंचनामे मी आता रेघांच्या फुलस्केपवर शाईपेनने लिहिते. ओळीच्या टोकाशी हात आपोआप थांबतो आणि वस्तू संपते.

काकांनी आणखी एक शंका काढलीय : अंधारात, पावसात, निर्जन पाइपाजवळ दोन पंच रात्री आले कुठून? एक मिळालाय, नाक्यावरचा दुधवाला, पहाटेच्या पाळीला निघालेला. दुसरा अजून नाही. तो पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीतला नसावा, नाहीतर बचावाचा वकील त्याला दहा मिनिटांत उभा-आडवा घेईल. त्या काळी मुलुंडच्या बाजूला रात्री दोनला कोण जागं असायचं, कुणाच्या घरच्या आठवणी असतील तर कळवा. कारखान्याची रात्रपाळी सुटलेला माणूस चालेल असं वाटतंय. तोच पुढे कोर्टात ते गळलेलं अर्धं वाक्य सांगायला जाईल आणि त्याला थांबवलं जाईल.

हो, तोच. त्याला ३६ मध्ये पिंजऱ्यात उभा करते.

आज रात्री प्रकरण ६ उघडणार. डाखवाल्याला अजून नाव नाही, आधी ते.