शिल्लक वर पाठवा

उपकेंद्रांच्या बचत खात्यांतली शिल्लक व्याजासकट वर पाठवा, खाती बंद करा, अहवाल द्या, अशा अर्थाचं पत्र २०२१च्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या तालुका आरोग्य कार्यालयात आलं. मी तिथे राष्ट्रीय आरोग्य अभियानातली लेखापाल, अर्थातच कंत्राटी. बाकीच्या उपकेंद्रांच्या सिस्टर, म्हणजे एएनएम परिचारिका, मासिक सभेला येतानाच चेकबुक घेऊन आल्या आणि काम उरकलं. राहिलं ते कोयनेच्या पाण्यापलीकडचं एक उपकेंद्र. तिथल्या सरपंचबाई चेकवर सही देईनात. खातं सिस्टर आणि सरपंच यांच्या जोडसहीचं, त्यामुळे एकट्या सिस्टरच्या हातात काही नव्हतं. 'तुम्हीच जाऊन समजवा,' म्हणून साहेबांनी मला धाडलं.

जूनमध्ये शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी खाली गेलेलं असतं. लाँच जिथे लागते तिथून गावापर्यंत सगळा चिखलाचा चढ. याच वाटेने बाळंतिणीला डोलीतून खाली आणतात, असं सिस्टर जाता जाता सहज म्हणाल्या. १०८ची गाडी येते ती अलीकडच्या काठाला.

सरपंचबाई तरव्यातून आल्या. हात धुतले, चहा टाकला आणि ट्रंकेतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. अबंधित निधीचा खर्च. मूळ योजनेप्रमाणे उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये, गावाची गरज बघून खर्चायचे. वहीत बॅटरीचे सेल, मेणकापड, ब्लीचिंग पावडर, दाराची कडी. आणि मधे मधे, वेगवेगळ्या पेनाने, 'लाँच डिझेल, रात्री'.

"रातचं लाँच काढायची तर डिझेलचं पैसं आधी लागत्यात, मॅडम. तवा तुमचं हाफिस उघडं असतंय व्हय?"

खात्यात साडेसहा हजारांच्या आसपास रक्कम होती. मी आपली शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. हे पैसे केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४० टक्के. वर्षानुवर्षं ते हजारो खात्यांत पडून राहतात, आणि तिकडे सरकार व्याजाने कर्ज काढतं. म्हणून केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने २३ मार्च २०२१ला आदेश काढला, की एका योजनेचं राज्यात एकच मुख्य खातं, आणि खालच्या सगळ्यांची शून्य शिल्लक. पैसे मुख्य खात्यातच राहणार, कुणी किती खर्चायचे ती मर्यादा तेवढी संगणकावर दिसणार.

बाई बचत गट चालवणाऱ्या. त्यांना हे मला वाटलं त्याच्या निम्म्या वेळात कळलं. "बरोबर हाय की. गटात बी पैसा पडून ऱ्हायला की आमी इचारतोच. पर ह्यो पडून कुठं हुता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडून असलेला पैसा होता, नाही असं नाही. काही खात्यांची पासबुकं कित्येक वर्षांत भरलेलीच नव्हती, ते मी स्वतः पाहिलंय. आदेश काढणाऱ्यांचं दुखणं खरंच होतं. पण त्या झाडूने हेही साडेसहा हजार लोटले गेले.

"मंग परत कवा येणार?"

आता हे सांगायचं कसं? २०१४ पूर्वी दिल्लीचा पैसा थेट राज्याच्या आरोग्य सोसायटीकडे यायचा. तेव्हापासून तो राज्याच्या कोषागारातून येतो. २०२१च्या त्या नियमात केंद्राचा वाटा राज्याने २१ दिवसांत मुख्य खात्यात टाकायचा होता, आपला ४० दिवसांत. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात तरतूद, वित्त विभागाची संमती, कोषागाराचं देयक, आणि प्रत्येक टेबलावर फाइलला बसायला जागा. शिवाय पैसे यायचे पाव-पाव हप्त्याने, आणि आधीचे ७५ टक्के खर्ची पडल्याशिवाय पुढचा हप्ता सुटायचा नाही. हे ७५ टक्के मोजायचे अख्ख्या राज्याचे. म्हणजे या सिस्टरनी पै न् पै खर्चली तरी राज्याच्या दुसऱ्या टोकाला एखादं बांधकाम रखडलं की इथलंही डिझेल थांबू शकायचं. मला विचाराल तर सगळ्या व्यवस्थेतली गोम इथे होती. शिस्त लावली राज्याला, आणि थांबायचं मात्र उपकेंद्राने.

यातलं मी बाईंना अर्धंच सांगितलं. "येतील, पण कधी ते नक्की नाही," एवढंच म्हटलं.

त्या थोडा वेळ चेककडे बघत बसल्या. मग सिस्टरना म्हणाल्या, "लिवा." वहीत सिस्टरनी लिहून घेतलं, की उपकेंद्राची सर्व शिल्लक आरोग्य विभागाकडे जमा केली, रात्रीच्या लाँचच्या डिझेलची सोय यापुढे विभागाने करावी. खाली माझी सही मागितली. असली हमी द्यायचा मला काडीचाही अधिकार नव्हता. तरी मी सही केली, हुद्द्यासकट. तेव्हा कुठे बाईंनी चेकवर सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत.

खातं बंद झालं. पुढे संगणकावर खर्चाची मर्यादा आली तेव्हा नवाच घोळ. संगणकातून पैसे द्यायचे तर लाँचवाल्याची विक्रेता म्हणून नोंदणी हवी. त्याचं नाव पासबुकात एक, आधारवर दुसरं. पडताळणी परत परत फेल. बँक अलीकडच्या काठाला, आणि तिकडे जायचं म्हणजे त्याची दिवसभराची खेप बुडणार. तो म्हणाला, मला रोख द्या नाहीतर राहू द्या. रोख देणं तर बंदच.

शेवटी सिस्टर स्वतःच्या पर्समधून डिझेलचे पैसे द्यायला लागल्या. मासिक सभेला चिठ्ठी आणतात, मी बिल टाकते, मर्यादा असेल तर त्यांच्या खात्यात जमा होतात, नसेल तर पुढच्या हप्त्याला. त्यासाठी त्यांचीच नोंदणी करावी लागली. कागदोपत्री लाँचचं डिझेल पुरवणारी विक्रेती म्हणजे आमच्या एएनएम. ऑडिटमध्ये व्हायचं तेच झालं: कर्मचारी व विक्रेता एकच, खुलासा सादर करावा. खुलासा मी लिहिला. सोबत सरपंचबाईंच्या वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स जोडली.