व्हेटो राहू द्या

"मॅडम, व्हेटो राहू द्या. आमचा कांदा कोण बंद करतं ते सांगा."

अकरावीला आंतरराष्ट्रीय राजकारणाचा पहिलाच तास. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे, व्हेटो म्हणजे नकाराधिकार असलेले पाच कायम सदस्य फळ्यावर लिहीत होते. फ्रान्सपाशी खडू तुटला आणि मागच्या बाकावरून हे आलं.

मुलगी निफाडकडची. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा ती शाळेत होती. "पप्पा ट्रॅक्टर परत घेऊन आले होते," एवढंच म्हणाली.

मग मी २०१९ ची गोष्ट सांगितली. सप्टेंबरअखेर आपण निर्यात थांबवली. आपला कांदा तेव्हा बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर जायचा, त्यामुळे तिकडे भाव कडाडले. काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर कार्यक्रमात हसत हसत म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नकोस म्हणून सांगितलंय. आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हेही सुनावलं. तेही चक्क हिंदीत!

वर्ग हसला. ती नाही.

"म्हणजे त्यांच्याकडे महागला, आमच्याकडे पडला. मग स्वस्त कुणाला मिळाला?"

मला. शहरात. तेव्हा भाव उतरल्यावर मी पाच किलो जास्तीचा आणून ठेवला होता. हे वर्गात काही बोलले नाही.

घंटा झाली. फळ्यावर फ्रान्स अर्धाच राहिला.

इतकी वर्षं हा विषय मी न्यूयॉर्कपासूनच, म्हणजे संयुक्त राष्ट्रांपासूनच शिकवत आलेय. उद्याचा तास लासलगावच्या कांद्याच्या लिलावापासून सुरू केला तर?